एका जोडप्याला एकच तुकडा

पलीकडच्या जर्मन गावातून पुलावरून परत येताना बरोबर मध्यावर आमच्या देशाचा लाल-पांढरा खांब लागतो. त्या खांबापर्यंत लुत्सिना आणि किंगा एकमेकींच्या लग्नाच्या बायका असतात. खांब ओलांडला की आमच्या कायद्यानं नुसत्या ओळखीच्या. तिथं पोचल्यावर लुत्सिना किंगाचा हात सोडते, मान झुकवते आणि म्हणते, "नमस्कार. आपल्याला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय." किंगा दर वेळी नवं नाव सांगते. आमच्याकडचे बिशप लग्नच करत नाहीत; एकदा तिनं आपण बिशपची विधवा असल्याचं सांगितलं, तेव्हा समोरून सायकलवर येणारा एक माणूस कठड्यावर आदळला. कपड्यांची पावडर आणायला मी त्यांच्याबरोबर जाते, म्हणून हा तमाशा मला फुकट बघायला मिळतो. पावडर पलीकडचीच चांगली, याबद्दल आमच्या लिपिना गावात दुमत नाही. पलीकडच्या लग्नाबद्दल मात्र आहे.

त्या लग्नाला मी साक्षीदार होते. जर्मन अधिकाऱ्यानं आमची आडनावं अशी काही उच्चारली की लग्न भलत्याच दोघींचं लागतंय की काय असं वाटलं, पण सही-शिक्का झाला, फोटो निघाले, नदीकाठी आम्ही केक खाल्ला. मी नवी टोपी घातली होती. म्हणजे हे लग्न झालं की नाही, असं मला कुणी विचारू नये. मी तिथं होते.

मी ब्रोन्या, 'सूर्यफूल' बागमंडळाची चिटणीस. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांना गावाबाहेर रांगेनं एकेक तुकडा मिळालेला असतो. त्यावर एक खोपी, चार झाडं, भाजीचे वाफे आणि शेजाऱ्याशी भांडायला एक कुंपण. तुकडा विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, फक्त मंडळ तो तुमच्या नावावर करून देतं. तेरा नंबरचा माझा, चौदा नंबरचा लुत्सिनाचा, तिच्या वडिलांकडून आलेला. वडिलांनी लावलेला अक्रोड अजून तिथं आहे आणि त्याची अर्धी पानं दर शरदात माझ्या बाजूला पडतात. याबद्दल मी तिला दर शरदात बोलते.

लुत्सिना शाळेत भूगोल शिकवायची. वाळकी, उंच, आणि सरळ तोंड ठेवून विनोद करणारी. किंगा पलीकडच्या वृद्धाश्रमात नर्स आहे. ती आडव्या बांध्याची, आणि बोलायला लागली की थांबत नाही. पंधरा वर्षं झाली, चौदा नंबरवरचा प्रत्येक वाफा किंगानं खणलाय. लुत्सिना खुर्चीत बसून कुठं काय लावायचं ते सांगते आणि किंगा बडबडत खणते. कागदावर मात्र फक्त लुत्सिना.

इतकी वर्षं त्याचं काही अडलं नाही. मग लुत्सिनाच्या हृदयाची एक झडप बिघडली. व्रोत्स्वाफ शहरातल्या इस्पितळात पुढच्या वर्षी ईस्टरनंतर ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक सगळं ठीक होईल. हे 'बहुतेक' लुत्सिनाच्या मनात जाऊन बसलं. आपल्याला काही झालं तर तुकडा भाच्याकडे जाणार, हे तिला माहीत होतं. भाचा रादेक वाईट मुलगा नाही, पण अक्रोड तोडून तिथं प्लास्टिकचा पोहण्याचा हौद ठेवायचा त्याचा बेत आहे आणि तो त्यानं लपवलेलाही नाही.

"मरायचं मला एवढं काही वाटत नाही गं ब्रोन्या," ती मला म्हणाली. आम्ही दोघी खोपीच्या पायरीवर लोणच्यासाठी काकड्या धूत बसलो होतो. "पण ही बया इथं येईल आणि फाटकाला दुसऱ्याचं कुलूप असेल. रादेककडे किल्ली मागेल. आणि तो म्हणेल, मावशी, तुम्ही कोण?"

"तिला सांगितलंस हे?"

"तिला सांगितलंय की किरकोळ ऑपरेशन आहे."

"ती नर्स आहे, लुत्सिना."

"म्हणून तर किरकोळ म्हटलं. नाहीतर तीच मला समजावत बसली असती."

किंगाला सगळं कळत होतं. ती गेले काही आठवडे कमी बोलत होती, आणि किंगा कमी बोलते म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

मंडळाचा दहावा नियम सोपा आहे. तुकडा एका माणसाच्या नावावर होतो, नाहीतर लग्न झालेल्या जोडप्याच्या. जोडप्यातलं एक गेलं की दुसऱ्याकडे राहतो. शरदात लुत्सिनानं किंगाचं नाव घालण्यासाठी अर्ज दिला आणि सोबत जर्मन दाखला जोडला. अध्यक्ष वालेरियान यांनी तो दाखला उजेडात धरून नोटेसारखा तपासला.

वालेरियान यांचं आयुष्य रेल्वेत सिग्नल सांभाळण्यात गेलं. माणूस प्रामाणिक, पण लाल दिवा दिसला नाही तर त्यांना करमत नाही. कुंपणाची उंची ते स्वतः पट्टी घेऊन मोजतात.

"लुत्सिनाबाई, दाखला खरा आहे," ते म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. पण तो तिकडचा आहे."

"अध्यक्षसाहेब, तुमची मोटारसुद्धा तिकडची आहे. ती इकडं चालते ना?"

"मोटारीची इकडं नोंद करून घेतलीय."

"मग आमची पण घ्या."

"ती मी नाही घेऊ शकत. लग्नाच्या नोंदणी कचेरीत जा. त्यांनी नोंद केली तर मी आनंदानं नाव घालीन."

आनंदानं म्हणताना त्यांचं तोंड लिंबू चोखल्यासारखं झालं होतं. बाजूला त्यांचा जावई पात्रिक उभा होता. तोंडात सॉसेज, हातात बिअर. "एका तुकड्यावर दोन नवऱ्या, मग खड्डा कोण खणणार?" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. खड्डे किंगाच खणते, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पात्रिकची गंमत अशीच असते. ती संपायची वाट बघायची.

त्या हिवाळ्यात बातमी आली. लक्झेंबर्गच्या मोठ्या कोर्टानं सांगितलं होतं की युरोपीय युनियनमधल्या एका देशात लागलेलं लग्न दुसऱ्या देशानं मानलं पाहिजे. किंगानं मला फोनवर ती बातमी तीनदा वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्या दोघी नवे कोट घालून कचेरीत गेल्या, मी मागं. खिडकीतली मुलगी तरुण होती आणि गोड होती. तिनं बातमी वाचली होती.

"मला तर मनापासून करायचंय," ती म्हणाली. "पण संगणकात एक चौकट नवऱ्याची आहे आणि एक बायकोची. नवऱ्याच्या चौकटीत बाईचं नाव टाकलं की ती लाल होते. वरून नवीन सूचना येईपर्यंत थांबायला लागेल."

"मी मिशा रंगवून आले तर?" लुत्सिनानं विचारलं.

मुलगी इतकी हसली की मागच्या टेबलावरचे साहेब उठून आले. त्यांनीही तेच सांगितलं, न हसता. थांबा. लुत्सिनानं मान हलवली आणि ईस्टर कधी आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघितलं. मी ते पाहिलं आणि मला त्या संगणकाला चार शिव्या द्याव्याशा वाटल्या.

फेब्रुवारीत पंधरा नंबरचा तुकडा रिकामा झाला. म्हातारे त्सिप्रियान मुलीकडे राहायला गेले. पंधरा नंबर म्हणजे आमच्या वसाहतीतला राजवाडा. स्वतःची विहीर, भाजी साठवायचं तळघर, आणि अशी चेरी की पाखरंसुद्धा इतर झाडांना तोंड लावत नाहीत. एका बाजूला लुत्सिना, दुसऱ्या बाजूला सोळा नंबरवर लेओकादियाबाई. पात्रिकला तो हवा होता. खोपीच्या छपरावर केवढा लाउडस्पीकर बसवायचा, हेही त्यानं सगळ्यांना सांगून झालं होतं.

लुत्सिनानं किंगाच्या नावानं अर्ज केला.

"चौदावर तुझं नाव चढत नाही ना, मग पंधरा घे," ती म्हणाली. "एकटी बाई म्हणून. मधलं कुंपण काढून टाकू. उद्या मला काही झालं तर निदान चेरीखाली बसायला तुझी हक्काची जागा असेल. अक्रोड कुंपणावरून दिसेल."

"तू म्हणशील तसं," किंगा म्हणाली आणि सही केली. बस, एवढंच. मी तिच्याकडे बघतच राहिले.

आता एका तुकड्याला दोन अर्ज आले की ज्यानं सामायिक कामात जास्त राबणूक केली त्याला तो मिळतो, हा आमचा जुना रिवाज. रस्ता झाडणं, गटार काढणं, फाटक रंगवणं. किंगा दर वर्षी आलीय. पात्रिक एकदा आला होता, तेव्हा शेगडी घेऊन आला होता. वालेरियान यांना हे नीट माहीत होतं. सभेच्या आधी आठवडाभर ते नियमांचं पुस्तक काखेत घेऊन फिरत होते.

सभा मार्चमधल्या रविवारी, प्रार्थनेनंतर, मंडळाच्या लाकडी सभागृहात भरली. खुर्च्या, चहा, खसखशीचा केक, खारवलेला मासा, आणि बाहेर शेगडीवर पात्रिकचे सॉसेज. एरवी सभेला निम्मी माणसं येतात. त्या दिवशी खिडकीत बसायलासुद्धा जागा नव्हती. पाण्याचं बिल आणि उंदरांचा बंदोबस्त उरकला, आणि मी वाचलं, "विषय पाचवा. पंधरा नंबर. अर्जदार किंगा आणि पात्रिक."

वालेरियान उभे राहिले. पुस्तक उघडलं. चष्मा चढवला. त्यांना हवं ते सापडलं होतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"सभासदहो," ते म्हणाले, "किंगाबाईंच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्यांचा अर्ज घेताच येत नाही. नियम अकरा. एका जोडप्याला एकच तुकडा. नवरा किंवा बायको यांच्यापैकी एकाकडे तुकडा असेल, तर दुसऱ्याला वेगळा मिळणार नाही."

"मग?" मागून कुणीतरी विचारलं.

"मग काय? लुत्सिनाबाईंकडे चौदा आहे. त्यामुळे किंगाबाईंना पंधरा मिळणार नाही."

लेओकादियाबाईंनी केकचा तुकडा बशीत परत ठेवला. मी पेन खाली ठेवलं.

"अध्यक्षसाहेब," मी म्हटलं, "लिहून घेण्याआधी विचारते. लुत्सिना आणि किंगा या कोण आहेत म्हणून किंगाला मिळणार नाही?"

"ब्रोन्याबाई, सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांचं लग्न झालंय. तुम्ही स्वतः साक्षीदार होतात, टोपी घालून. मी फोटो पाहिलाय. दाखला मी स्वतः तपासलाय. अस्सल आहे. त्या जोडपं आहेत, आणि जोडप्याला..."

तिथं ते थांबले. चष्मा काढला. पुस्तकाकडे बघितलं, जणू त्यातल्या कुणीतरी त्यांना मागून ढकललं होतं.

लुत्सिना हळूच उठली. हल्ली ती सगळंच हळू करायची. "धन्यवाद, अध्यक्षसाहेब," ती म्हणाली. "मग माझा शरदातला अर्ज बाहेर काढा. चौदा नंबरवर माझ्या बायकोचं नाव घाला, आणि आम्ही पंधराचा अर्ज मागं घेतो."

मग जो गोंधळ झाला तो मला धड लिहून घेता आला नाही. वालेरियान म्हणत होते की नियम अकरासाठी त्या जोडपं आहेत, पण नियम दहासाठी नाहीत. लेओकादियाबाई उभ्या राहिल्या. त्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात, आणि त्या दोघींना त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत 'सुप्रभात'पलीकडे शब्द टाकलेला नाही.

"वालेरियान," त्या म्हणाल्या, "बाई एकतर लग्नाची असते, नाहीतर नसते. दहाव्या नियमाला कुमारिका आणि अकराव्याला बायको, हे मी माझ्या उभ्या जन्मात ऐकलं नाही."

"तुमचं म्हणणं काय, लेओकादियाबाई?"

"माझं म्हणणं, नसते. हे लग्न मी मानत नाही. त्यामुळे किंगाबाई एकट्या आहेत, आणि पंधरा नंबर त्यांना द्या."

हे म्हणताना त्यांनी पात्रिककडे बघितलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सोळा नंबर त्यांचा. छपरावरचा लाउडस्पीकर थेट त्यांच्या खोपीच्या तोंडावर येणार होता.

पात्रिकच्याही डोक्यात पडला, पण दुसऱ्या बाजूनं. तो शेगडीवरून चिमटा हातात घेऊनच आत आला. "बाबा," तो सासऱ्याला म्हणाला, "अहो, झालंय त्यांचं लग्न. म्हणा ना झालंय म्हणून. दाखला आहे, फोटो आहे, अजून काय पाहिजे? मी तर म्हणतो फार छान जोडी आहे."

"तू गप्प बस."

"का गप्प बसू? कायद्याचं आहे हे. लक्झेंबर्गनं सांगितलंय."

पात्रिकला लक्झेंबर्ग माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्याचे सॉसेज खाणारे सगळे मित्र, जे मागच्या उन्हाळ्यापर्यंत या दोघींची टिंगल करायचे, ते आता एका सुरात लग्नाच्या बाजूनं बोलायला लागले. आणि दुसऱ्या बाजूला शांत झोपेची आवड असलेली सगळी सज्जन मंडळी लग्न झालंच नाही म्हणून अडून बसली. त्यांच्यातल्या निम्म्यांनी नवविवाहितांना भेटवस्तूही दिली होती. मी दिलेल्या चादरी अजून त्यांच्या पलंगावर आहेत.

शेवटी हात वर करून ठरवायचं ठरलं. त्या जोडपं आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करायचा. म्हणजे चौदावर दोन नावं आणि पंधरावर पात्रिक. नाहीतर चौदा लुत्सिनाचा एकटीचा आणि पंधरा किंगाचा.

मी हात वर केला. पुढचे सगळे उन्हाळे कसे जाणार ते मला माहीत होतं. लाउडस्पीकर एक कुंपण सोडून माझ्याही कानात येणार. पण मी त्या दिवशी टोपी काही उगाच घातली नव्हती.

हात मोजले. इकडचे आणि तिकडचे अगदी सारखे. वालेरियान यांचं मत उरलं होतं. ते घाम पुसत होते. जावयाला तुकडा द्यायचा तर तोंडानं लग्न मानायचं, आणि लग्न मानायचं नाही तर घरी जाऊन मुलीचं ऐकायचं. इतक्या वर्षांत कुठल्याही सिग्नलनं त्यांना असं कात्रीत पकडलं नसेल.

तेवढ्यात लेओकादियाबाईंनी विचारलं, "लुत्सिना, ऑपरेशन कधी आहे?"

"ईस्टर झाला की."

"मोठं आहे?"

लुत्सिनानं किंगाकडे बघितलं. किंगा खिडकीबाहेर बघत होती. "मोठं आहे," लुत्सिना म्हणाली. माझ्यासमोर तिनं हे पहिल्यांदाच मोठ्यानं कबूल केलं.

लेओकादियाबाईंनी बशी बाजूला सारली. मग पात्रिककडे वळल्या. "रविवारी स्पीकर बंद. दुपारी झोपेच्या वेळी बंद. आणि उन्हाळ्यात सूर्य मावळला की बंद. सगळ्यांसमोर हो म्हण."

"रविवारी पूर्ण?"

"पूर्ण."

पात्रिकनं चिमट्याकडे बघितलं, मग चेरीच्या दिशेनं. "हो," तो म्हणाला.

"ब्रोन्या, लिहून घे," त्या म्हणाल्या आणि हात वर केला. "हे लग्नाला नाही. लग्न मला आजही पटलेलं नाही. पण आजारी बाईला अर्धवट लटकवत ठेवायचं, हे त्याहून पटत नाही."

मला एकदम भरून आलं. मी नाक पुसलं आणि आकडा लिहिला. वालेरियान यांनी कुणी बघत नाही असं समजून आपलाही हात कोपरापर्यंत वर केला. मी बघितलं. तोही लिहिला.

पंधरा नंबर मिळाल्याच्या आनंदात पात्रिकनं टेबलावरचा पहिला हाताला लागला तो पेला उचलला, तोंडाला लावला आणि ओरडला, "कडू!"

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत असं कुणी म्हटलं की संपलं. पेला कितीही गोड असू दे, नवरा-नवरीनं मुका घेतल्याशिवाय तो गोड होत नाही आणि पाहुणे गप्प बसत नाहीत. "कडू, कडू," मागची रांग म्हणायला लागली. मग मधली. लेओकादियाबाईंनी चहात साखर ढवळायला घेतली आणि मान वर केलीच नाही.

"हा विषय पत्रिकेवर नाही," वालेरियान म्हणाले.

"मग विषय सहावा करा," लुत्सिना म्हणाली, आणि तिनं किंगाच्या दोन्ही कानांना धरून तिचा मुका घेतला. एरवी चारचौघांत किंगाची जीभ कात्रीसारखी चालते. तेव्हा ती लाल होऊन नुसती उभी राहिली. सभागृहभर टाळ्या झाल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात जोरात पात्रिक होता, कारण त्याच्या एका हातात चिमटा होता आणि तो बशीवर आपटत होता.

सभा हाताबाहेर गेली की वालेरियान नियम वाचतात. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. नव्या जोडप्याच्या नावावर तुकडा करताना दहावा नियम उभं राहून वाचून दाखवायचा आणि दोघांना कबूल आहे का विचारायचं, असा रिवाज आहे. तरुण पोरं हो हो म्हणतात आणि सॉसेज खायला पळतात. कुणी ऐकत नाही.

"जोडप्यापैकी एकाच्या मृत्यूनंतर," त्यांनी वाचलं, "तुकड्याचा पूर्ण हक्क दुसऱ्या जोडीदाराकडे राहील. कबूल आहे?"

"कबूल," लुत्सिना लगेच म्हणाली आणि सही केली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. एवढ्याचसाठी ती शरदापासून धडपडत होती. तिनं पेन किंगासमोर धरलं.

किंगानं पेन घेतलं आणि सही केली नाही.

"किंगाबाई?" वालेरियान म्हणाले.

"माझी एक अट आहे."

"अट घालता येत नाही."

"तुम्हाला नाही घालत." ती लुत्सिनाकडे वळली. "तू गेलीस ना, तर दुसऱ्या दिवशी मी हा तुकडा रादेकला देईन. हौद बांधू दे त्याला. नाहीतर पात्रिकला देईन. मला नकोय."

"अगं, पण पंधरा वर्षं तू..."

"पंधरा वर्षं मी तुझ्यासाठी खणतेय. मला माती आवडत नाही, लुत्सिना. नखांत जाते. माझी कंबर दुखते. काकड्यांचा मला वास सहन होत नाही. तू खुर्चीत बसून 'इथं जरा डावीकडं' म्हणतेस, ते ऐकायला मी खणते."

लेओकादियाबाईंनी चहा ढवळायचा थांबवून मान वर केली.

"हे तू आत्ता सांगतेस?" लुत्सिना म्हणाली.

"बायको म्हणून या काठावरचं पहिलं भांडण आहे. कशावरून तरी सुरुवात करायला हवी होती."

लुत्सिनानं तिच्याकडे बघितलं. तिचं ते सरळ तोंड सरळ राहीना.

"मग मला परत यावं लागणार," ती म्हणाली.

"यावंच लागणार."

"बरं. येते."

किंगानं सही केली.